चर्च, आदिवासी आणि समेट: गोव्यातल्या मराठी वाचकांचे नेहमीचे प्रश्न

गोव्यात मराठी वाचणारा माणूस बहुधा हिंदू घरातला असतो. चर्च संस्थेची पत्रके निघतात ती इंग्रजीत नाहीतर रोमी कोकणीत, त्यामुळे ती त्याच्या हाती लागत नाहीत. मग पोपने कुठे माफी मागितल्याची बातमी आली की इथली चर्चा थेट इन्क्विझिशनवर (चर्चच्या धर्मन्यायालयावर) जाते आणि गावडा, कुणबी, वेळीप या इथल्या आदिवासी समाजांचा विषय निघायच्या आत संपते. म्हणून हे पान. लिहिणारा चर्चचा प्रतिनिधी नाही आणि चर्चविरोधी मोहिमेतलाही नाही. प्रश्न जसे कानावर येतात तसेच ठेवले आहेत, त्यातले काही बोचरे आहेत.

चर्चची ‘सामाजिक शिकवण’ म्हणजे काय? बायबलच ना?

बायबलचा आधार असतोच, पण ही शिकवण म्हणजे गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत पोपनी काढलेली परिपत्रके आणि परिषदांचे दस्तऐवज. सुरुवात धरतात ती १५ मे १८९१ ची. त्या दिवशी पोप लिओ तेरावे यांनी कारखान्यातल्या मजुरांच्या स्थितीवर परिपत्रक काढले. पुढे १९६३ मध्ये जॉन तेविसावे यांनी मानवी हक्कांवर, १९६७ मध्ये पॉल सहावे यांनी विकासावर आणि २०१५ मध्ये फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर लिहिले. या सगळ्याचे अधिकृत संकलन २००४ मध्ये आले.

त्यातली मुख्य सूत्रे अशी: प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा सारखी, दुर्बलाचा विचार आधी, पृथ्वीवरची संपत्ती मुळात सगळ्यांसाठी, आणि जो निर्णय गावाला घेता येतो तो वरच्याने हिसकावून घ्यायचा नाही. गोव्याच्या संदर्भात शेवटची दोन फार कामाची. का, ते पुढे येईल.

मूळनिवासींबद्दल त्यात वेगळे काही आहे का?

आहे, आणि ते बरेच थेट आहे. २००४ च्या संकलनाचा ४७१ वा परिच्छेद सांगतो की मूळनिवासी समाजाचे जमिनीशी असलेले नाते हा त्यांच्या अस्तित्वाचाच भाग आहे, त्यामुळे ते नाते जपले गेलेच पाहिजे. फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकातला १४६ वा परिच्छेद त्याच्याही पुढे जातो. त्यांच्या भूमीवर मोठा प्रकल्प येणार असेल तर बोलणी सर्वात आधी त्यांच्याशी व्हायला हवीत. त्यांच्यासाठी जमीन ही विकायची वस्तू नाही, पूर्वजांनी आणि देवाने दिलेली ठेव आहे, असे तो म्हणतो. शेती आणि खाण प्रकल्पांसाठी लोकांवर गाव सोडण्याचा दबाव येतो, हेही त्यात नाव घेऊन लिहिले आहे.

केपे या खाणींच्या तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेत हा परिच्छेद वाचून दाखवला तर तो रोममधून आला आहे असे कोणाला वाटणार नाही.

पण इतरांच्या जमिनी घ्यायची मुभा याच चर्चने दिली होती ना?

हो. त्यात आडपडदा ठेवण्यासारखे काही नाही. पोप निकोलस पाचवे यांनी १४५२ आणि १४५५ मध्ये पोर्तुगालच्या राजाला आज्ञापत्रे दिली. ख्रिस्ती नसलेल्यांचा मुलूख जिंकावा, त्यांची मालमत्ता घ्यावी, त्यांना कायमचे गुलाम करावे, इतपत परवानगी त्यात होती. १४९३ मध्ये अलेक्झांडर सहावे यांनी स्पेनला तशीच मुभा दिली. या कागदांच्या आधारावर पुढे युरोपीय सत्तांनी एक कायदेशीर सिद्धान्त उभा केला: जो ‘शोध’ लावेल, भूमी त्याची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये तो सिद्धान्त आपल्या निकालात घेतला, म्हणजे तिथल्या मूळ लोकांना जमिनीवर राहण्याचा हक्क, पण मालकी नाही.

गोव्याला हे दूरचे वाटायचे कारण नाही. आफोन्सो द आल्बुकेर्क १५१० मध्ये इथे आला तो याच परवानगीच्या छत्राखाली. पोर्तुगीज राजाने मिशनचा खर्च करायचा आणि बदल्यात बिशप नेमण्यात त्याचा शब्द चालायचा, ही ‘पाद्रोआद’ची व्यवस्था त्याच आज्ञापत्रांतून वाढली. राजसत्ता आणि धर्मसत्ता एकमेकींच्या आडोशाने वावरल्या, म्हणून तिसवाडी, बार्देश, साष्टीत नेमके काय कोणी केले हे वेगळे काढणे आजही अवघड जाते.

त्या काळात आतून कोणी विरोध केला नाही?

केला. पोप पॉल तिसरे यांनी २ जून १५३७ रोजी जाहीर केले की अमेरिकेतले मूळ लोक ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही. बार्तोलोमे द लास कासास या डोमिनिकन पाद्रीने जन्मभर हाच मुद्दा लावून धरला. १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद इथे त्यावर जाहीर वादविवाद झाला. पण १५३७ च्या घोषणेला दात देणारा, म्हणजे उल्लंघन करणाऱ्यास शिक्षा सांगणारा जोडआदेश सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. कागद चांगला, अंमलबजावणी शून्य. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

२०२३ मध्ये व्हॅटिकनने नेमके काय केले? ती आज्ञापत्रे रद्द केली का?

३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी संयुक्त निवेदन काढून ‘शोधाचा सिद्धान्त’ नाकारला. हा सिद्धान्त कॅथलिक शिकवणीचा भाग नाही, आणि पंधराव्या शतकातल्या त्या आज्ञापत्रांत मूळनिवासींची समान प्रतिष्ठा पुरेशी उतरलेली नव्हती, असे त्यात म्हटले.

‘रद्द’ हा शब्द मात्र वापरला नाही. वसाहतवादी सत्तांनी आज्ञापत्रांचा राजकीय गैरवापर केला, असा सूर आहे. मला ही पळवाट वाटते. १४५५ चा मजकूर वाचला तर गैरवापर करायला फारसे वाकवावे लागले असेल असे दिसत नाही. तरीही निवेदन निघाले याला कारण आहे: जुलै २०२२ मध्ये क्वेबेकजवळ पोपच्या मिस्सेच्या (सामूहिक उपासनेच्या) वेळी मूळनिवासींनी वेदीसमोरच फलक उलगडला होता, हा सिद्धान्त मागे घ्या म्हणून. आठ महिन्यांत उत्तर आले.

माफी कोणी, कधी मागितली?

१२ मार्च २००० रोजी जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या पापांची जाहीर कबुली दिली. सत्याच्या नावाखाली वापरलेली जबरदस्ती आणि इतर लोकांच्या संस्कृती-धर्मांचा केलेला अनादर, दोन्ही त्या यादीत होते. जुलै २०१५ मध्ये बोलिव्हियात फ्रान्सिस यांनी अमेरिका खंडातल्या मूळ लोकांविरुद्ध झालेल्या अपराधांबद्दल क्षमा मागितली. सर्वात गाजली ती कॅनडातली, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी.

कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत सरकारने मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. चालवल्या म्हणजे पैसा सरकारचा, कारभार चर्चचा, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्थांकडे. सुमारे दीड लाख मुले घरातून काढून तिथे नेली. आपली भाषा बोलले की शिक्षा. हजारो मुले परत आलीच नाहीत. २००८ ते २०१५ या काळात सत्यशोधन आणि समेट आयोगाने साक्षी घेतल्या आणि ९४ शिफारशी केल्या. अठ्ठावन्नावी शिफारस अशी की पोपने कॅनडात येऊन माफी मागावी.

त्याप्रमाणे २५ जुलै २०२२ रोजी फ्रान्सिस आल्बर्टा प्रांतातल्या मास्क्वासिस गावी गेले. व्हीलचेअरवरून. त्याआधी मार्चमध्ये रोमला आलेल्या शिष्टमंडळातल्या एका महिलेने त्यांना लहान मुलांच्या चामडी मोजड्यांचे दोन जोड दिले होते: न परतलेल्या मुलांची आठवण म्हणून, आणि कॅनडात याल तेव्हा हे परत आणा, या अटीवर. त्यांनी ते परत दिले. मैदानातून लांबच लांब लाल कापड फिरवले गेले, त्यावर ४,१२० मुलांची नावे होती. लोक रडत होते, काही शांत उभे होते, एक बाई पोपसमोर क्री या मूळनिवासी भाषेत गात उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

टीकाही झाली. ‘अनेक ख्रिस्ती लोकांनी’ केलेल्या वाईटाबद्दल पोप बोलले, संस्था म्हणून चर्चने काय केले याबद्दल नाही, असे आयोगाचे माजी अध्यक्ष मरी सिंक्लेअर यांनी म्हटले. परतीच्या विमानात पत्रकारांनी विचारल्यावर मात्र फ्रान्सिस यांनी वंशसंहार हा शब्द मान्य केला.

माफी मागितली की विषय संपला?

कॅथलिक शिकवणीप्रमाणेच संपत नाही, आणि या पानावरचा हाच मला सर्वात महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

कुंपसार म्हणजे पाद्रीच्या कानात पाप सांगायचे आणि मोकळे व्हायचे, अशी आपल्याकडे हिंदूंची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचे तीन टप्पे आहेत: पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई. चर्चचा अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथ स्पष्ट सांगतो की क्षमेने पाप जाते, पण पापाने झालेली नासधूस आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करावे लागते, बदनामी केली असेल तर ती धुऊन काढावी लागते. हे एका माणसाला लागू असेल तर एका संस्थेला का नाही?

कॅनडातच याची परीक्षा झाली. निवासी शाळांबाबतच्या २००६ च्या तडजोडीत कॅथलिक संस्थांनी पीडितांसाठी अडीच कोटी डॉलर उभारण्याचा ‘शक्य तेवढा प्रयत्न’ करू असे लिहून दिले आणि उभे राहिले चाळीस लाखांहून कमी. त्याच काळात तिथे चर्चच्या इमारतींवर मात्र मोठा खर्च होत होता. लोकांचा संताप वाढल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनच्या संग्रहालयातल्या मूळनिवासींच्या ६२ वस्तू कॅनडाला परत दिल्या. शंभर वर्षांपूर्वी एका मिशनरी प्रदर्शनासाठी त्या रोमला नेल्या होत्या.

पीडितांनी क्षमा करायलाच हवी, असा आग्रह असतो का?

नाही. फ्रान्सिस यांच्या २०२० च्या परिपत्रकात (परिच्छेद २४१) साफ लिहिले आहे की क्षमा करणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आपल्या आणि आपल्या घरच्यांच्या हक्कांसाठी झटलेच पाहिजे. विसरून जा, असे सांगण्याचा अधिकार इतरांना नाही.

गोव्यात मूळनिवासी म्हणायचे कोणाला?

गावडा, कुणबी आणि वेळीप हे इथले सर्वात जुने रहिवासी, असे अभ्यासक सहसा मानतात. खाडीकाठच्या खाजन शेतीचे बांध, डोंगरावरची कुमेरी (फिरती) शेती, गावचा मांड (लोकनृत्य आणि विधींची पवित्र जागा), यांमागे याच हातांची मेहनत. तरी घटनेच्या अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांची नावे आली ती २००३ मध्ये. २०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे १,४९,२७५ लोक मोजले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडे जास्त.

आता गंमत बघा. गावडा समाज एकच, पण आज तो तीन नावांनी ओळखला जातो. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, धर्मांतर झाले ते ख्रिस्ती गावडे. बाहेर राहिले ते हिंदू गावडे. आणि १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धीची चळवळ केली तेव्हा हजारोंनी हिंदू धर्मात परत आलेले ते नवहिंदू गावडे. परत आल्यावर हिंदू समाजाने त्यांना पंगतीत बसवून घेतले का? बहुतेक ठिकाणी नाही. ‘नवहिंदू’ ही चिठ्ठी चिकटून राहिली. एका समाजाची दोन वेळा ओढाताण झाली, आणि दोन्ही वेळा ज्यांनी ओढले त्यांनी जमिनीचा विषय काढला नाही.

ख्रिस्ती गावड्याला जमातीचा दाखला मिळतो का?

मिळतो. अनुसूचित जातीसाठी धर्माची अट आहे, जमातीसाठी नाही. धर्मांतरितांना यादीतून वगळावे, अशी मागणी देशात काही संघटना करतात, पण कायदा आज तसा नाही. गोव्यात तसे झाले तर एकाच कुळातल्या दोन भावांपैकी एकाला दाखला आणि दुसऱ्याला नाही, अशी पाळी येईल.

गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल पोपने माफी मागितली आहे का?

गोव्याचे नाव घेऊन स्वतंत्र माफी नाही. २००० सालची कबुली सर्वसाधारण होती. इथे इन्क्विझिशन १५६० मध्ये आले, १७७४ मध्ये बंद पडले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. त्याची झळ फक्त हिंदूंना बसली असे मानणे चूक. खटले मुख्यतः बाटलेल्या ख्रिस्ती लोकांवर चालत. चोरून जुने आचार पाळतो, हा आरोप. १७३६ च्या फर्मानात तर तुळस लावणे आणि धोतर-चोळी नेसणेही गुन्हा ठरले. म्हणजे माफी मागायचीच झाली तर आजच्या ख्रिस्ती गोंयकारांच्या पणज्या-खापरपणज्यांचीही मागावी लागेल. माझे मत विचाराल तर ती मागावी. तीही पणजीच्या इगर्जीच्या (चर्चच्या) पायऱ्यांवरून नको, एखाद्या गावात येऊन.

कुंकळ्ळीचे प्रकरण यात कुठे बसते?

अगदी मध्यभागी. साष्टीतली देवळे पाडली जात असताना कुंकळ्ळीच्या गावकारांनी (गावच्या मानकरी कुळांनी) पोर्तुगीजांना कर द्यायचे नाकारले. जुलै १५८३ मध्ये रोदोल्फो आक्वाविवा यांच्यासह जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे पाच जण इगर्जीसाठी जागा पाहायला गावात आले, तेव्हा लोकांनी त्यांना ठार केले. पुढे सूड आला. बोलणी करू म्हणून गावच्या सोळा प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि कापून काढले. एक जण साळ नदीत उडी टाकून वाचला, असे सांगतात. गावच्या जमिनी जप्त झाल्या.

त्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये रोमने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. मारले गेलेल्या प्रमुखांचे स्मारक व्हायला चारशेहून अधिक वर्षे लागली. आज एकाच गावात दोन्ही स्मृती आहेत. माझ्या मते दोन्ही राहू द्याव्यात. फक्त एका बाजूच्या पुस्तकात दुसऱ्या बाजूचे मेलेले दिसत नाहीत, हे थांबले पाहिजे. शाळेत शिकवताना दोन्ही मृत्यू एकाच धड्यात यावेत.

शिगम्याच्या दिवसांत फातर्प्याहून शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण वाजतगाजत आपल्या जुन्या गावी येते. बारा वांगडांच्या (कुळांच्या) रंगीत छत्र्या, गुलालाने लाल झालेला रस्ता, आणि त्या गर्दीत वांगडाचा मान असलेली ख्रिस्ती घरेही. कोणत्याही आयोगाने हे सुचवले नव्हते. शिवोलीचा जागोर (रात्रीचे लोकनाट्य) हाही असाच, हिंदू आणि ख्रिस्ती मिळून घालतात.

पाडलेली देवळे पुन्हा उभारली म्हणजे न्याय झाला का?

काही अंशी. राज्य सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीज काळात पाडलेल्या देवळांसाठी २० कोटी रुपये ठेवले. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धारही २०२३ मध्ये पूर्ण झाला, आणि तो चांगला झाला. पण गावड्यांचा मांड ज्या जमिनीत आहे तिच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (सरकारी जमीन नोंदीवर) कोणाचे नाव लागलेले असते, हे एकदा तपासून बघा. देवळाची भरपाई करणे सोपे, कारण त्यात आजच्या कोणाचे काही जात नाही.

मग दोष पोर्तुगीजांचा आणि चर्चचाच, नाही का?

असे म्हणणे आपल्याला सोयीचे आहे. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावकरीची व्यवस्था होती. १५२६ च्या फोराल या सनदेत पोर्तुगीजांनी ती लिहून काढली. गावची जमीन सामाईक, पण मान आणि वाटा गावकारांच्या कुळांना. ज्यांनी चिखलात उतरून बांध घातले त्यातले बरेच जण पुढे त्याच शेतात मजूर झाले. नंतर भाटकार (जमीनदार) आले, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही. मुंडकाराने भाटकाराच्या नारळबागेत झोपडी बांधायची, बदल्यात हाक मारली की राबायला जायचे, आणि छप्पर शाकारायलाही विचारायचे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले, पण मामलेदाराच्या कचेरीत तारखा मोजणारे मुंडकार आजही आहेत.

चर्चच्या आतही जात गेली नाही. काही गावांतल्या कॉनफ्रारियांमध्ये (इगर्जीच्या धार्मिक मंडळांमध्ये) कोणी सामील व्हायचे, फेस्ताचा मान कोणाचा, हे वरच्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवले, आणि ख्रिस्ती गावडा मागच्या बाकावर राहिला. सामाजिक शिकवणीचा ‘दुर्बलाला अग्रक्रम’ तिथे इगर्जीच्या दारातच अडकतो.

त्यामुळे गोव्यात समेट म्हणजे फक्त ‘पोप विरुद्ध हिंदू’ असा मामला नाही. देणेकऱ्यांच्या यादीत चर्च आहे, तसे भाटकार आहेत, खाणमालक आहेत आणि १९६१ नंतरचे आपले स्वतःचे सरकारही आहे.

बाळ्ळीला काय झाले होते?

२५ मे २०११ रोजी आदिवासी संघटनांनी आपल्या मागण्यांसाठी केपे तालुक्यातल्या बाळ्ळीत रस्ता आणि रेल्वे अडवली. आंदोलन चिघळले, एका इमारतीला आग लावली गेली आणि तीत मंगेश गावकर आणि दिलीप वेळीप हे दोन तरुण जळून मेले. मागण्या काय होत्या? राज्यघटनेने आधीच दिलेले हक्क अमलात आणा, एवढ्याच. चाळीस सदस्यांच्या विधानसभेत जमातीसाठी जागा राखण्याचे विधेयक संसदेत मंजूर व्हायला २०२५ उजाडले.

‘सहमती’चा एवढा आग्रह का? प्रकल्पाने रोजगार मिळत असेल तर?

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या मूळनिवासी हक्क घोषणापत्राचा गाभाच तो आहे: दबावाशिवाय, आधी, आणि पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती. भारताने त्या बाजूने मत दिले होते. चर्चची शिकवण आज हीच भूमिका घेते.

कावरे गावाकडे बघा. केपे तालुक्यातल्या या आदिवासी गावाने लोहखनिजाच्या ट्रकांची धूळ खाल्ली, झरे आटताना पाहिले आणि मग खाणीविरुद्ध उभे राहिले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यभरातल्या खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले परवाने रद्द केले. कावरेच्या लोकांनी काय मागितले? खाण काढायचीच असेल तर आमच्या सहकारी संस्थेला द्या, किती काढायचे आणि कुठे थांबायचे ते आम्ही ठरवू. आदिवासी म्हणजे विकासाला विरोध करणारा भाबडा माणूस, हे शहरी चित्र इथे बसत नाही. वर म्हटलेले सूत्र आठवा, गावाला घेता येणारा निर्णय गावाने घ्यावा. कावरेचे लोक त्याच भाषेत बोलत होते.

गोव्यातले चर्च या बाबतीत काही करते का?

बोलते. आर्चडायोसीझचे (गोव्याच्या धर्मप्रांताचे) सामाजिक न्याय आणि शांती मंडळ जमीन, खाण आणि पर्यावरणाच्या प्रश्नांवर भूमिका घेते. आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव (२०२२ पासून कार्डिनल) यांनी जून २०१८ च्या पत्रात लिहिले होते की विकासाच्या नावाखाली लोकांना त्यांच्या जमिनी आणि घरांतून उखडले जात आहे. त्यावर राजकीय गदारोळ झाला, पत्र पूर्ण वाचले फार थोड्यांनी.

कमी पडते ते स्वतःच्या घरात. चर्चच्या मालमत्तेवर राहणारे मुंडकार, कॉनफ्रारियांतली जात, या बाबतीत पत्रकांचा आवाज बारीक होतो.

हे सगळे शेवटी धर्मांतरासाठीच नाही ना?

ही शंका मनात येणे स्वाभाविक आहे, इतिहासच तसा आहे. पण १९६५ पासून चर्चची अधिकृत भूमिका अशी की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येणार नाही. उदाहरण म्हणून झारखंडमध्ये दशकानुदशके आदिवासींच्या जमिनीसाठी आणि विनाखटला तुरुंगात पडलेल्या तरुणांसाठी काम करणारे जेझुइट पाद्री स्टॅन स्वामी घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली. कंपवाताने हात थरथरत, म्हणून पाणी प्यायला नळी मागावी लागली. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, मुंबईच्या रुग्णालयात ते गेले. त्यांच्यावरच्या आरोपात धर्मांतर नव्हते.

आमच्या वाड्यावर वनहक्काचे दावे पडून आहेत. यात तिथे उपयोगी पडेल असे काही आहे?

शिकवणीतून नाही, कायद्यातून आहे. गोव्यात घटनेच्या पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र नाही, म्हणून पेसा कायदा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) लागत नाही. २००६ चा वनहक्क कायदा लागतो. काणकोण, केपे, सांगे, सत्तरी, धारबांदोडा भागांतले हजारो दावे वर्षानुवर्षे रेंगाळले आहेत. पाहायच्या गोष्टी या:

दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. वैयक्तिक कसणुकीसाठी अर्ज ‘अ’, सामूहिक हक्कांसाठी ‘ब’, सामूहिक वनसंपत्तीसाठी ‘क’. मांड, देवराई, पाणवठा, गुरे चारायची वाट हे ‘ब’ आणि ‘क’मध्ये येते, आणि आपले लोक बहुधा फक्त ‘अ’ भरतात. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याचे दाखवावे लागते. वैयक्तिक मर्यादा चार हेक्टर. सरकारी कागद नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. किमान दोन पुरावे लागतात, आणि वाड्यावरच्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब हा एक पुरावा धरला जातो. जुनी विहीर, कुमेरीचे बांध, पूर्वजांची समाधी किंवा दफनाची जागा हाही पुरावा. जबाब घेताना आजीला ‘कधीपासून’ विचारू नका, सन सांगता येणार नाही. लग्न होऊन आली तेव्हा या मळ्यात कोण नांगरत होते, नाचणी कुठे होती, हे विचारा आणि जसे सांगेल तसे उतरवून घ्या.

ग्रामसभेने दावा नाकारला तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील करता येते, तिथून जिल्हा समितीकडे. नाकारल्याचे कारण लेखी मागा. तोंडी नकारावर अपील लढवताना हाताशी काहीच राहत नाही.